पत्ता कोणी दिला

विशाखा: नाही बसायचं मला. आधी सांगा, मोनिकाच्या आईला हॉस्टेलचा पत्ता कोणी दिला?

तनुजा: आवाज खाली घे. बाहेर बाकावर माणसं बसली आहेत.

विशाखा: बसू द्या.

तनुजा: विशाखा, गुरुवारी पाच ते सहा हा आपला सुपरव्हिजनचा तास आहे. तू तुझ्या समुपदेशनाच्या केसेस आणतेस, मी ऐकते, चुकलं असेल तिथे सांगते. तीन वर्षं आपण असंच करतो. दारातूनच ओरडत यायला ही भाजी मंडई नाही.

विशाखा: मग केसच आणलीय, ऐका. मोनिका. वय सत्तावीस, लॅब टेक्निशियन. वडील नाहीत. दौलताबादला आई सरूबाईबरोबर राहायची. पंधरा दिवसांपूर्वी छावणीतल्या लेडीज हॉस्टेलवर राहायला गेली. आईला पत्ता कळू द्यायचा नाही, असं तिनं मला सांगितलं. मी तसं फाइलवर लिहिलं. फाइल तुमच्या कपाटात असते. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, एक तुमच्याकडे. आणि आज दुपारी आई हॉस्टेलच्या गेटवर हजर.

तनुजा: तुला कोणी सांगितलं?

विशाखा: हा तिचा मेसेज. वाचते. “आई गेटवर बसली आहे. सगळ्या मुली खिडकीतून बघत आहेत. पत्ता फक्त तुमच्याकडे होता. वॉर्डन म्हणाल्या, तमाशा नको, सहा वाजेपर्यंत खोली रिकामी कर. मी आईबरोबर घरी जाते. मला परत फोन करू नका.” चार पन्नासला आलाय. आता पाच वाजून आठ मिनिटं झालीत. मी सहादा फोन लावला. उचलत नाही.

तनुजा: पत्ता कुठूनही मिळतो. लॅबमधल्या एखाद्या मैत्रिणीने दिला असेल. शहर केवढं आहे आपलं.

विशाखा: लॅबमध्ये तिनं सांगितलंय की ती मावशीकडं राहते. तिला वाटतंय मी दिला. माझ्यावर विश्वास ठेवून ती पहिल्यांदा घराबाहेर पडली, आणि तिला वाटतंय मीच तिला विकलं.

तनुजा: घराबाहेर पडली म्हणालीस. त्यावर आधी बोलू. ती पडली, की तू पाडलीस?

विशाखा: म्हणजे?

तनुजा: वही काढ.

विशाखा: मॅडम, पन्नास मिनिटं आहेत आपल्याकडं.

तनुजा: म्हणूनच लवकर काढ. अकरावं सेशन. आपला वहीचा नियम काय आहे?

विशाखा: तुम्हाला माहितीय.

तनुजा: तुझ्या तोंडून ऐकायचाय.

विशाखा: उजव्या पानावर क्लायंटचे शब्द, जसेच्या तसे. डाव्या पानावर ते ऐकताना आपल्या मनात काय झालं ते.

तनुजा: उजवं पान वाच.

विशाखा: “मोनिका म्हणाली, आईनं घरातल्या सगळ्या कड्या काढून टाकल्यात. बाथरूमचीसुद्धा. दार लावायची सोय नाही. मी विचारलं, तुला तिथून निघायचंय का? तिनं होकार दिला. हॉस्टेलबद्दल बोलणं झालं.” बरोबर आहे. यात काय चुकलं? जिथं पोरीला आंघोळीला दार लावता येत नाही, त्या घरात तिला ठेवायचं होतं का?

तनुजा: आता हे ऐक. तिच्या संमतीच्या सहीनिशी केलेलं रेकॉर्डिंग आहे. तेच सेशन, एकतिसावं मिनिट.

(तनुजा लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लावते.)

मोनिकाचा आवाज: कडी आहे ना ताई खोलीला. मीच लावत नाही. लावली की मलाच कसंतरी होतं.

विशाखाचा आवाज: म्हणजे तुला इतकं घाबरवून ठेवलंय त्यांनी. तुला तिथून निघायचंय ना?

तनुजा: आता मोज. काही बोलू नकोस, नुसतं मोज.

विशाखा: किती वेळ आहे हे?

तनुजा: अडतीस सेकंद. अडतीस सेकंद ती मुलगी एक शब्द बोललेली नाही. पुढे ऐक.

विशाखाचा आवाज: छावणीत एक चांगलं हॉस्टेल आहे. माझ्या ओळखीचं. विचारू का त्यांना?

मोनिकाचा आवाज: तुम्ही म्हणता तर.

तनुजा: झालं. हा तुझा होकार. “तुम्ही म्हणता तर.” सत्तावीस वर्षं आई म्हणते तर, आणि आता विशाखाताई म्हणतात तर. आणि कड्या? कड्या कोणी काढल्या, विशाखा? मी पूर्ण सेशन दोनदा ऐकलं. कडी काढल्याचं ती कुठेच बोललेली नाही.

विशाखा: दुसऱ्या सेशनमध्ये बोलली असेल.

तनुजा: अकराच्या अकरा ऐकली मी. कुठेच नाही.

विशाखा: मी हे लिहिलंय?

तनुजा: अक्षर तुझं आहे. माझ्याकडे नको, वहीकडे बघ. सेशन संपल्यावर अर्ध्या तासात लिहिलेलं पान आहे हे. अर्ध्या तासात तू तिच्या घराच्या कड्या काढून टाकल्यास. माझ्या बावीस वर्षांत असली नोंद मी पाहिली नाही. विसरणं समजते, गाळणं समजते. पण क्लायंटच्या तोंडी भलतंच घर?

विशाखा: आमचं.

तनुजा: काय?

विशाखा: आमचं घर आहे ते. बिडकीनचं. प्रणय माझा भाऊ. तो गेला तेव्हा त्यानं आतून कडी लावून घेतली होती. तेराव्या दिवशी आईनं सुतार बोलावला आणि घरातली एकूणएक कडी उपटून काढली. बाथरूमचीसुद्धा. नंतरची चार वर्षं मी आंघोळ करताना गाणं म्हणायची, आत कोणीतरी आहे हे कळावं म्हणून. गाणं थांबलं की आई दार ढकलायची. सहा वर्षांपूर्वी मी निघाले तिथून. निघाले म्हणून वाचले.

तनुजा: तीन वर्षं तू माझ्यासमोर बसतेस. हे मला आज कळतंय.

विशाखा: तुम्ही विचारलं कधी?

तनुजा: विचारायचं कशाला? डावं पान त्यासाठीच आहे. दर आठवड्याला तुझं डावं पान कोरं. मला वाटायचं, मुलगी शिस्तीची आहे, स्वतःला बाजूला ठेवून काम करते. आणि तू इकडे स्वतःलाच क्लायंटच्या खुर्चीत बसवून तिची सुटका करत होतीस! तुझ्या आईपासून पळून गेलेली तू, आणि दौलताबादच्या सरूबाईची पोरगी उचलून हॉस्टेलवर नेऊन ठेवलीस. हा गुन्हा आहे, विशाखा. चूक नव्हे.

विशाखा: पहिल्या महिन्यातलं डावं पान काढा.

तनुजा: विषय बदलू नकोस.

विशाखा: तोच विषय आहे. थांबा, मीच काढते. हे बघा. “क्लायंटनं आडनाव विचारलं. खरात सांगितल्यावर खुर्ची मागं सरकवली. पूर्ण सेशनभर मी या खोलीत पाहुणी आहे असं वाटत राहिलं. राग आला.” आणि खाली तुमच्या लाल पेनानं काय लिहिलंय? वाचा.

तनुजा: मला आठवतं.

विशाखा: मी वाचते. “जात खोलीत आणू नकोस.” मी आणली नव्हती, मॅडम. ती माझ्या आडनावाबरोबर येते, दार न वाजवता. तुम्ही म्हणाला होतात, डाव्या पानावर खरं लिहा. खरं लिहिलं तर तुम्ही ते खोडलंत. त्या दिवसानंतर मी डावं पान कोरं ठेवलं. प्रणयबद्दल लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं तुम्ही? भाऊ खोलीत आणू नकोस?

तनुजा: ते वाक्य मी वेगळ्या अर्थाने लिहिलं होतं.

विशाखा: सांगा ना मग अर्थ. तीन वर्षं वाट बघतेय.

कडुबा: मॅडम, येऊ का आत?

तनुजा: कडुबा, आता नको.

कडुबा: नाय, सांगायला आलतो, जरा हळू बोला. सहाचं जोडपं आत्ताच येऊन बसलंय. त्यांना वाटायलंय आतबी नवरा-बायकोचंच भांडण चालू हाय. तो माणूस म्हनला, आमच्यापेक्षा यांचं जास्त बिनसलेलं दिसतंय.

तनुजा: त्यांना पाणी द्या. जा तुम्ही.

विशाखा: मामा, थांबा. तुम्ही पुढच्या टेबलावर बसता. मोनिकाची आई इथं आली होती का कधी? सरूबाई?

कडुबा: सोमवारी आलती की. तुमची सुट्टी होती ताई त्या दिशी. तुमच्या आईचा डोळा दाखवायला गेलता तुम्ही.

तनुजा: कडुबा, तुम्ही जा म्हटलं ना.

विशाखा: थांबा मामा. किती वेळ होत्या?

कडुबा: लई येळ. तीनला आली, बाकावर बसली. मी म्हनलं, ताई नायत, उद्या या. ती काय हलंना. पिशवी भरून पेरू आनलेले त्यांच्या मळ्यातले, आल्या-गेल्याला वाटायली. मला बी दोन दिले. पोरीच्या नावाचा नुसता जप. मंग पाचच्या सुमाराला मॅडमनी आत बोलावलं, ती सहाला गेली.

विशाखा: आत. या खोलीत.

कडुबा: व्हय. मी चहा घेऊन आलो तं दोघीबी रडायल्या. मला तं वाईट वाटलं बघा. तशा आपल्या मॅडम काय कुनापुढं रडणाऱ्या बाई नायत. पण मानूसच हाय शेवटी. मॅडम तिला म्हनल्या, माझीबी लेक, ऋजुता, पुन्यात हाय, दोन वर्सं झाले, फोन उचलत नाय. मला काय कळत नाय व्हय तुमचं दुःख.

तनुजा: पुरे.

कडुबा: चांगलंच सांगायलो मॅडम, वाईट काय त्यात? एवढी शिकलेली बाई, अंगठेबहाद्दर बाईचा हात धरून बसली. कोन करतं आजकाल?

विशाखा: आणि पत्ता?

कडुबा: चिठ्ठी दिली ना मॅडमनी. तिला वाचता येत नाय, म्हनून मीच वाचून दाखवली दोनदा. रिक्षावाल्याला दाखवा म्हनलं. ती म्हनली, पेरूचा तोडा चालू हाय, गुरुवारी उरकला की जाते. का, काय झालं? गेली नाय का?

विशाखा: गेली, मामा. बरोबर गेली.

कडुबा: मंग झालं की चांगलं.

विशाखा: माझ्याबद्दल काय म्हणाल्या त्या?

कडुबा: जाऊ द्या ताई.

विशाखा: सांगा.

कडुबा: अडानी बाई हाय. रागात होती.

विशाखा: मामा.

कडुबा: म्हनली… त्या लोकांच्या पोरीनं माझी पोर फितवली. पायजे तं पोलिसात जाते म्हनली.

विशाखा: त्यावर मॅडम काय म्हणाल्या?

कडुबा: मॅडम काय… मॅडमनी मला चहा सांगितला.

तनुजा: कडुबा, बाहेर बसा. दार ओढून घ्या.

कडुबा: जातो. माझ्या तोंडातून काय भलतं गेलं का, ताई?

विशाखा: नाही मामा. तुमच्याच तोंडातून खरं गेलं. बाहेर थांबा, लांब जाऊ नका.

तनुजा: मी सांगणारच होते.

विशाखा: कधी? माझी वही वाचून झाल्यावर? मला गुन्हेगार ठरवून झाल्यावर? लॅपटॉप इकडं करा.

तनुजा: कशाला?

विशाखा: हे रेकॉर्डिंग मी तुम्हाला तीन आठवड्यांपूर्वी दिलं होतं. सेशन झालं त्याच दिवशी. तुम्ही ऐकलं कधी, ते यात दिसतं. सोमवार, संध्याकाळी सात दहा. मोनिकाची आई सहाला गेली. तासाभरात तुम्ही रेकॉर्डिंग उघडलंत, आणि तीन दिवसांत अकराच्या अकरा सेशन्स ऐकून काढलीत. तीन आठवडे हात लावला नव्हता त्याला! आधी पत्ता दिलात, मॅडम. मग माझी चूक शोधायला बसलात.

तनुजा: चूक होती ना पण? मी शोधली म्हणून ती खोटी ठरते?

विशाखा: नाही. माझी चूक माझी आहे. मी तिच्या तोंडी माझी आई घातली. तिच्या अडतीस सेकंदांवर पाय देऊन गेले मी. हे मी उद्या कोणासमोरही म्हणेन. पण तुमची वही कुठाय?

तनुजा: सुपरव्हायजरला वही नसते.

विशाखा: तेच म्हणतेय मी. गेले तीन महिने दर गुरुवारी तुम्ही मला मोनिकाबद्दल एकच गोष्ट सांगत होतात. आईला सेशनला बोलव. आईची बाजू ऐक. घर तुटू देऊ नकोस. मला वाटायचं, अनुभवाचे बोल असतील. कोण बोलत होतं ते? डॉक्टर तनुजा, का ऋजुताची आई?

तनुजा: ऋजुताचं नाव तू घ्यायचं नाहीस.

विशाखा: पेरूवालीसमोर घेतलंत ना तुम्ही? तिच्यासमोर चाललं! मी तीन वर्षं समोर बसलेय, मला शिस्त. आणि मला “त्या लोकांची” म्हणणाऱ्या बाईसमोर पदर डोळ्याला!

तनुजा: हो, रडले! काय करायला हवं होतं? तिला थोपवून भाषण द्यायचं होतं? तुला माहितीये का गेटवर बसणं काय असतं? मी बसलेय. पुण्यात, माझ्या मुलीच्या सोसायटीच्या गेटवर, या वयात, या शिक्षणासकट. पत्ता मला कोणी दिला नव्हता. तिच्या मैत्रिणीच्या आईला गोड बोलून मी तो काढला. साडेचार तास बसले. वॉचमनने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आपल्या बायकोला फोनवर सांगत होता, इथे एक डॉक्टरीणबाई येऊन बसली आहे म्हणून. ती बाई इथे दोन तास बाकावर होती तेव्हा मला तिच्यात कोण दिसलं असेल?

विशाखा: मग? खाली आली का ऋजुता?

तनुजा: नाही.

विशाखा: नंतर?

तनुजा: महिन्याभरात तिने घर बदललं. आता कुठे राहते ते मला माहीत नाही.

विशाखा: म्हणजे तुम्हाला माहीत होतं. गेटवर आई येऊन बसली की पुढं काय होतं ते या शहरात तुमच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

तनुजा: हो.

विशाखा: तरी दिलात.

तनुजा: तरी दिला. चिठ्ठी लिहिताना हात थांबला होता माझा. मग तिने विचारलं, तुमच्या लेकीचं घर सापडलं का मॅडम? आणि मी लिहून दिलं.

विशाखा: पाच बत्तीस झालेत.

तनुजा: मला दिसतंय घड्याळ.

विशाखा: फोन करा तिला. सांगा, पत्ता तुम्ही दिलात.

तनुजा: सांगते. उद्या तिला नीट बोलावून, समोरासमोर. असं फोनवर घाईघाईत सांगितलं तर तिचं अजून नुकसान होईल.

विशाखा: उद्या ती दौलताबादला असेल, आणि फोन तिच्या आईच्या हातात. ती सहाला सामान घेऊन खाली उतरणार, ते घरी जायचंय म्हणून नाही. ती उतरणार कारण तिला वाटतंय, बाहेर जिच्यावर विश्वास ठेवला तीही आईलाच सामील निघाली. मग कशाला पळायचं? हा तिचा निर्णय नाही, मॅडम. आपण दोघींनी मिळून घ्यायला लावलाय तो. मी ढकललं आणि तुम्ही ओढलं.

तनुजा: हे सेंटर माझ्या नावावर चालतं. क्लायंटचा पत्ता फुटला हे बाहेर गेलं तर माणसं पायरी चढणार नाहीत. इथे नवऱ्याची मारहाण सांगायला बायका येतात. त्यांचं काय होईल?

विशाखा: त्या बायकांसाठीच फोन करा.

तनुजा: तुझ्या वहीतलंही बाहेर येईल. तुझ्या प्रमाणपत्रासाठीचे सुपरव्हिजनचे तास मी सही केल्याशिवाय धरले जात नाहीत, हे विसरू नकोस.

विशाखा: धमकी आहे?

तनुजा: नियम सांगतेय.

विशाखा: धमकी आहे का, मॅडम?

तनुजा: होती. मागे घेते. कडुबा! कडुबा, आत या.

कडुबा: आलो. काय झालं?

तनुजा: मोनिकाला फोन लावायचाय. विशाखाचा उचलत नाही. माझा नंबर तिच्याकडे नाही, अनोळखी नंबर ती घेणार नाही.

कडुबा: माझा घेती की. दर बुधवारी मीच आठवन करून देतो ना, उद्या या म्हनून. एकदा तं मलाच म्हनली, मामा तुम्ही जेवले का? लावू का?

तनुजा: लावा. फक्त म्हणा, मॅडम बोलतात. बाकी काही नको.

कडुबा: वाजायला लागला. …हॅलो. मोनिकाताई, मी कडुबा, सेंटरवरून. …नाय नाय, ठेवू नका. विशाखाताई नाय. मोठ्या मॅडम बोलायल्यात. …ऐका तरी बाई एकडाव. …घ्या मॅडम. आहे लायनीवर.

तनुजा: मोनिका, मी तनुजा. तू कुठे आहेस आत्ता? …खोलीत. बरं. मी दोन मिनिटं घेईन. पत्ता मी दिला. …हो, मी. सोमवारी तुझी आई इथे आली होती. विशाखा त्या दिवशी नव्हती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला आज तुझ्या मेसेजमधून कळलं. …तुझी फाइल मी उघडली आणि मी लिहून दिलं. …का? …का, त्याचं उत्तर माझ्या घरात आहे, माझ्या मुलीपाशी, तुझ्या घरात नाही. तुला ते ऐकायची गरज नाही. …नाही. माफ कर असं मी म्हणत नाही. तू रागाव. …हो. …हो, ओरड. मी ऐकते. …

कडुबा: ताई, लई जोरात बोलायली ती. इथवर ऐकू यायलं.

विशाखा: बोलू द्या, मामा.

तनुजा: …बरोबर आहे. …तेही बरोबर आहे. हे सगळं मी उद्या तुला लेखी देईन, माझ्या सहीने. तक्रार कुठे करायची तेही त्यात असेल. तुझ्या वॉर्डनना मी आत्ता फोन करते. खोली महिनाअखेरपर्यंत तुझी राहील. तू राहा किंवा राहू नकोस, खोली तुझी राहील. …नाही, आईला मी काही सांगणार नाही. आईशी मी आता बोलणारच नाही. …विशाखाला एक सांगायचंय तुला. ऐकशील? …देते.

विशाखा: मोनिका. …नाही, मी दिला नव्हता, पण ते राहू दे आता. माझंही एक चुकलंय, ते तुला सांगायचंय. हॉस्टेलचं तू बोलली नव्हतीस. मीच बोलले. तुला मी विचारलं होतं ना, निघायचंय का, आणि तू गप्प बसलीस? ते गप्प बसणं मी हो धरलं. …कारण माझ्या घरी, माझ्या आईची, एक गोष्ट झाली होती. ती मी तुझ्या वाट्याला लावली. वहीत तुझ्या नावावर लिहिलीसुद्धा. …हो. …नाही, तुझी आई चांगली का वाईट, ते मला आता माहीत नाही. खरंच माहीत नाही. मी तिच्याकडं कधी नीट बघितलंच नव्हतं. …तुला दुसऱ्या ताईंचा नंबर पाठवते. त्या आमच्या इथल्या नाहीत, आम्हाला काही सांगणारही नाहीत. जायचं की नाही ते तू बघ. …बरं. …बरं, मोनिका. ठेव तू.

कडुबा: ठेवला का तिनं?

विशाखा: ठेवला.

तनुजा: काय म्हणाली शेवटी?

विशाखा: म्हणाली, तुम्ही दोघी आधी आपापल्या आयांशी आणि पोरींशी बोला.

तनुजा: वॉर्डनचा नंबर दे.

विशाखा: फाइलवर आहे.

तनुजा: फाइल तू काढ. किल्ली घे, माझी पण. आजपासून दोन्ही तुझ्याकडे राहतील.

विशाखा: पुढच्या गुरुवारी मी येणार नाही, मॅडम. सुपरव्हिजन दुसरीकडं करेन.

तनुजा: कर. तुझ्या तासांवर सही करून ठेवते. सगळ्या. अकराव्या सेशनवरही, जे झालं ते लिहून. माझंही लिहीन.

कडुबा: पाच छपन्न झाले. त्या जोडप्याला काय सांगू?

तनुजा: सांगा, आज मी घेणार नाही. पुढची वेळ द्या त्यांना. म्हणावं, मॅडमची तब्येत बरी नाही.

कडुबा: बरं. …आन् ताई, एक इचारू? ती पोरगी मंग आईसंगं चालली का ऱ्हातीय तिथंच?

विशाखा: सांगितलं नाही तिनं.

कडुबा: आँ? एवढा येळ बोलल्या दोघीजणी, आन् तेवढंच नाय इचारलं?

विशाखा: नाही विचारलं, मामा.